अदृश्य जाळ्याची खानेसुमारी

खानेसुमारी हा शब्द आता मराठीतून जवळजवळ मावळला आहे. त्याची जागा आधी शिरगणतीने आणि पुढे जनगणनेने घेतली. या शब्दांमध्ये एक भेद आहे आणि तो विसरण्याजोगा नाही. व्युत्पत्तीने पाहता खानेसुमारी ही घरांची मोजणी, तर शिरगणती ही माणसांची. घर मोजले म्हणजे त्यातला माणूस मोजला गेला असे होत नाही, हे दारोदार फिरलेल्या प्रत्येक प्रगणकाला ठाऊक असते. कुलूप असलेल्या घरात कोणी राहते की नाही, एका उंबरठ्याआड किती चुली पेटतात, ज्याच्या नावावर घर आहे तो धनी त्याच गावी नांदतो की दूरदेशी, हे प्रश्न घरांच्या आकड्याने सुटत नाहीत. महाराष्ट्राबाहेर पिढ्यानुपिढ्या राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. आम्ही कोठे किती आहोत याचे उत्तर, मोजणाऱ्याने कोणता प्रश्न कसा विचारला यावर बव्हंशी अवलंबून राहत आले आहे.

या जुन्या शब्दाची आठवण होण्याचे निमित्त मात्र अगदी नवे आहे. बिटकॉइन या आंकिक चलनाचे संगणकांचे जे जाळे जगभर पसरले आहे, ते नेमके कोठे आणि किती पसरले आहे याचा अंदाज घेण्याचे प्रयत्न गेल्या दीड दशकात निरनिराळ्या देशांतील संशोधकांनी केले. त्या प्रयत्नांचा इतिहास आम्हाला येथे मांडावयाचा आहे. चलनाचा भाव चढला की पडला, त्यात कोणी पैसे घालावेत की नाही, हा आमचा विषय नव्हे. परंतु त्या चलनाविषयी जो सर्वांत मोठा दावा केला जातो, तो मुळात भूगोलाचा दावा आहे. हे चलन कोणा एकाच्या मालकीचे नाही, ते जगभर विखुरलेले आहे, म्हणून कोणतेही एक सरकार, एक बँक किंवा एक कंपनी ते बंद पाडू शकत नाही, असे सांगितले जाते. हा दावा खरा की खोटा हे ठरवावयाचे तर आधी जाळे मोजले पाहिजे. भारतात २०२२ च्या एप्रिलपासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर बसला, यावरून आपल्याकडेही किती लोकांची पुंजी यात गुंतली असेल याची कल्पना यावी. त्यांच्या दृष्टीने ही मोजणी केवळ पंडिती कुतूहलाची बाब राहत नाही.

२

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने एक नऊ पानांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्या नावामागची व्यक्ती कोण हे आजतागायत निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. ३ जानेवारी २००९ ही तारीख धारण करणारा पहिला हिशेब-खंड, म्हणजे ब्लॉक, तयार झाला. त्याच आठवड्यात ही संगणक-प्रणाली सर्वांसाठी खुली करण्यात आली आणि १२ जानेवारीला हाल फिनी या अमेरिकी संगणकतज्ज्ञाला नाकामोतोकडून १० बिटकॉइन मिळाले. एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे झालेला हा या चलनातील पहिला व्यवहार मानला जातो.

या जाळ्यातील प्रत्येक संगणकाला नोड म्हणतात. नोड हा एका अर्थी कुलकर्ण्याच्या दप्तरासारखा आहे. त्याच्यापाशी आरंभापासूनची संपूर्ण खातेवही असते. नवा व्यवहार कानी आला की तो नियमांप्रमाणे आहे की नाही हे तो स्वतः तपासतो आणि योग्य असल्यास शेजारच्या नोडांना कळवतो. फरक एवढाच की येथे गावाला एक कुलकर्णी नसून प्रत्येकाच्या घरी तेच दप्तर आहे, आणि कोणाही एकाने खाडाखोड केली तर बाकीचे ती मान्य करीत नाहीत.

आता प्रश्न असा की, मध्यवर्ती कचेरीच नसेल तर नव्याने आलेल्या नोडाला बाकीचे नोड सापडावेत कसे? प्रारंभीच्या प्रणालीने यावर साधा तोडगा काढला होता. इंटरनेटवरील आयआरसी या जुन्या गप्पागोष्टींच्या व्यवस्थेत एक दालन ठरवून दिले होते. प्रणाली सुरू होताच ती आपण होऊन त्या दालनात शिरे आणि तेथे जे नाव धारण करी, त्या नावातच आपला आयपी पत्ता सांकेतिक अक्षरांत गुंफून ठेवी. इतरांनी तो उलगडावा आणि संपर्क साधावा. म्हणजे त्या काळी जाळ्याची मोजणी ही चावडीवर जमलेल्या मंडळींची मोजणी होती. दालनात डोकावणाऱ्याला सगळी हजेरी दिसत असे.

वस्ती वाढली तशी चावडी अपुरी पडू लागली. शिवाय सर्वांनी एकाच ठिकाणी जमणे हे विकेंद्रित म्हणवणाऱ्या व्यवस्थेला शोभणारेही नव्हते. २०११ पासून काही स्वयंसेवकांनी चालविलेल्या नाम-सेवांवरून नव्या नोडाला पहिले चार पत्ते मिळू लागले आणि तेथून पुढे नोड एकमेकांनाच पत्ते सांगू लागले. २०१२ मध्ये दालनात जाण्याची पद्धत ऐच्छिक झाली, २०१३ मध्ये ती प्रणालीतून काढून टाकण्यात आली. त्यानंतर ज्याला मोजावयाचे असेल त्याला दारोदार फिरण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदविली पाहिजे. पत्त्यांच्या संख्येवर विसंबू नये हा इशारा मूळ निबंधातच होता. एका पत्त्याला एक मत असा नियम केला, तर ज्याला पुष्कळ पत्ते मिळवता येतील तो बहुमत बळकावील, असे नाकामोतोने लिहिले होते. म्हणून मताचा आधार पत्ता न ठेवता खर्ची पडलेली संगणकशक्ती ठेवण्यात आली. त्याही आधी २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील जॉन डूसर यांनी या दुखण्याला नाव दिले होते. एकाच देहात अनेक व्यक्तिमत्त्वे वागविणाऱ्या स्त्रीविषयीच्या एका इंग्रजी पुस्तकावरून त्यांनी त्याला सिबिल-हल्ला म्हटले. एकच मनुष्य शंभर मुखवटे घालून आला, तर मध्यवर्ती पडताळणीवाचून ते ओळखणे अशक्यप्राय आहे, असा त्यांच्या विवेचनाचा निष्कर्ष होता. जाळ्याच्या प्रत्येक प्रगणकाला पुढे या इशाऱ्याचा प्रत्यय आला.

३

दारोदार फिरण्याची रीत अशी. मोजणाऱ्याची प्रणाली एका ज्ञात नोडाशी संपर्क साधते आणि रामराम झाल्यावर त्याला विचारते, तुला आणखी कोणाकोणाचे पत्ते ठाऊक आहेत? तो नोड एका निरोपात जास्तीत जास्त १,००० पत्ते देतो. मग त्या प्रत्येक पत्त्यावर जाऊन तोच प्रश्न. असे करीत नवे पत्ते मिळेनासे होईपर्यंत फिरत राहावयाचे. ही रीत सोपी दिसते, पण तिच्यातून निघणारे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि तेथूनच खरा इतिहास सुरू होतो.

२०१४ मध्ये बार्सिलोनाच्या परिसरातील विद्यापीठांतील दोनेत, पेरेझ-सोला आणि हेरेरा-जोआनकोमार्ती या संशोधकांनी आपल्या मोजणीत ८ लाख ७२ हजारांहून अधिक निरनिराळे नोड आढळल्याचे प्रसिद्ध केले. याच सुमारास, २०१३ मध्ये ॲडी येओ यांनी सुरू केलेला बिटनोड्स हा उपक्रम दर काही मिनिटांनी जाळ्याचे चित्र टिपत होता, आणि त्याचा आकडा मात्र काही हजारांपलीकडे जात नव्हता. २०१५-१६ च्या सुमारास तो पाच-सहा हजारांवर आला, २०१८ च्या प्रारंभी बारा हजारांच्या आसपास चढला, आणि अलीकडच्या वर्षांत वीस हजारांच्या घरात गेला. आठ लाख कोठे आणि पाच-सहा हजार कोठे!

वस्तुतः दोन्ही आकडे खरे आहेत. ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. बार्सिलोनाच्या मोजणीत कित्येक दिवसांत कानी आलेले सारे पत्ते जमा होत गेले. घरगुती इंटरनेटचा पत्ता वारंवार बदलतो, त्यामुळे एकच संगणक महिनाभरात अनेक नावांनी नोंदला जाऊ शकतो. शिवाय कधीच सोडून गेलेल्यांचे पत्तेही शेजाऱ्यांच्या वह्यांत रेंगाळत राहतात. बिटनोड्सने याउलट, या क्षणी दार ठोठावले असता जो ओ देतो, तेवढाच मोजावयाचा असे ठरविले. एक यादी आजवर ऐकलेल्या नावांची, दुसरी आत्ता घरी असलेल्यांची.

दुसऱ्या यादीतही मोठी खोट आहे. नोड सामान्यतः आपण होऊन सुमारे दहा जोडण्या करतो. बाहेरून येणाऱ्या जोडण्या स्वीकारणे मात्र त्याला प्रत्येक वेळी शक्य नसते. घरातील किंवा कचेरीतील संगणक बहुधा एका सामाईक पत्त्याच्या आडोशाला असतो. तो बाहेर जाऊन बोलू शकतो, परंतु बाहेरच्याला त्याचे दार सापडत नाही. भारतातील बहुतेक मोबाइल आणि पुष्कळ घरगुती जोडण्या अशाच आहेत. एका जाहीर पत्त्याआड शेकडो ग्राहक बसलेले असतात. बेळगावातील वा बडोद्यातील एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या संगणकावर नोड चालविला, संपूर्ण खातेवही उतरवून घेतली, प्रत्येक व्यवहार तपासला, तरी जगाच्या नकाशावर त्याच्या गावी ठिपका उमटण्याचा संभव फार थोडा. अशा नकाशांत भारत फिकट दिसतो याचे एक कारण हेही आहे. त्या फिकेपणावरून इथल्या लोकांच्या आस्थेविषयी अनुमान काढणे धाडसाचे होईल.

या दाराआडच्या नोडांची संख्या अप्रत्यक्षपणे काढावी लागते. जर्मनीतील कार्ल्सरूह येथील तंत्रविद्या संस्थेच्या संशोधकांनी २०१५ पासून जाळ्यावर सातत्याने नजर ठेवली आहे. नोड वेळोवेळी स्वतःच्या पत्त्याची जी दवंडी पिटतात, ती ऐकून, न दिसणाऱ्यांची संख्या अनुमानाने ठरविण्याचा मार्ग त्यांनी चोखाळला. पण जुलै २०२१ मध्ये कोणा अज्ञाताने अस्तित्वातच नसलेल्या असंख्य पत्त्यांचा वर्षाव जाळ्यावर केला. मतदारयादीत बनावट नावांची भरताड व्हावी तसा हा प्रकार होता. त्याच वर्षी प्रणालीत सुधारणा होऊन, एका शेजाऱ्याकडून किती वेगाने नवे पत्ते स्वीकारावेत यावर मर्यादा घालण्यात आली.

आकडा जेव्हा मत बनतो तेव्हा तो खोटा करण्याचा मोह आवरत नाही, याचे उदाहरण त्यापूर्वीच घडून गेले होते. ऑगस्ट २०१५ मध्ये ब्लॉकचा आकार वाढवावा की नाही या वादात बिटकॉइन-एक्सटी नावाची पर्यायी प्रणाली पुढे आली. तिच्या बाजूने किती नोड आहेत यावर दोन्ही पक्षांचे डोळे लागले. तेव्हा आपण एक्सटी चालवीत असल्याचे नुसते सोंग करणाऱ्या प्रणालीही निघाल्या. त्या प्रत्यक्षात वेगळेच नियम पाळत, आणि मोजणाऱ्याला मात्र एक्सटीचे नाव सांगत. नोडांच्या संख्येवरून जनमत ठरविणाऱ्यांना नऊ पानांच्या निबंधातील इशारा आठवला असता तर बरे झाले असते.

४

आता भूगोलाकडे वळू. मिळालेला पत्ता पृथ्वीवर कोठे आहे हे ठरवावयाचे कसे? आयपी पत्ता म्हणजे एक संख्या. तिच्यात अक्षांश-रेखांश नसतात. जगातील पाच प्रादेशिक नोंदणी-संस्था कंपन्यांना पत्त्यांचे गठ्ठे वाटून देतात, आणि कोणता गठ्ठा कोठे वापरला जातो याची कोष्टके काही व्यापारी संस्था जमवितात. नोडांचे बहुतेक नकाशे अशा कोष्टकांवर उभे आहेत. देश ओळखण्यापुरती ती बऱ्यापैकी विश्वसनीय असतात. शहर आणि गल्ली सांगू लागली की भरवसा उडतो.

याचे एक विलक्षण उदाहरण २०१६ मध्ये उजेडात आले. मॅक्समाइंड या नामांकित कोष्टकात, अमेरिकेतील आहे पण नेमका कोठला ते कळत नाही, अशा पत्त्यांना देशाच्या मध्यभागाजवळचा एक सोयीचा बिंदू देण्यात आला होता. असे सुमारे ६० कोटी पत्ते त्या एका बिंदूवर जाऊन बसले. तो बिंदू कॅन्सस राज्यातील एका शेतघराच्या अंगणात पडत होता. फसवणूक, चोरी, हरवलेली मुले, जे जे त्या पत्त्यांशी जोडले जाई, त्याच्या शोधात पोलिस आणि संतापलेले लोक वर्षानुवर्षे त्या निरपराध घराच्या दारात येत राहिले. बोभाटा झाल्यावर तो बिंदू एका तलावाच्या मध्यभागी हलविण्यात आला. ठाऊक नाही असे लिहिण्याऐवजी काहीतरी लिहिण्याचा मोह केवढा महाग पडतो, याचे हे उदाहरण नकाशा काढणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे असे आहे.

कोष्टकांवर विसंबावयाचे नसेल तर निसर्गनियमांचा आधार घेता येतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात २०० किलोमीटर. हाक दिल्यापासून उत्तर येईपर्यंत सेकंदाचे दहा हजारांश लागले, तर जाण्यायेण्याचे अंतर मिळून २,००० किलोमीटरांहून अधिक असू शकत नाही. अर्थात उत्तर देणारा १,००० किलोमीटरांच्या वर्तुळाबाहेर नाही. पत्ता खोटा सांगता येतो, उत्तराला मुद्दाम विलंबही लावता येतो, पण प्रकाशाहून लवकर उत्तर देणे कोणालाच साधत नाही. वेगवेगळ्या गावांहून अशा हाका दिल्या की वर्तुळे एकमेकांना छेदतात आणि जागा आवळत जाते.

अंतराचे हे मोजमाप केवळ नकाशासाठी महत्त्वाचे आहे असे नाही. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील डेकर आणि वाटनहोफर यांनी २०१३ मध्ये दाखविले की, नवा ब्लॉक एखाद्या नोडापर्यंत पोहोचण्यास सरासरी १२.६ सेकंद लागत, आणि ४० सेकंद उलटल्यावरही ५ टक्के नोडांना त्याची वार्ता नसे. या अवधीत दुसऱ्या कोपऱ्यात दुसराच ब्लॉक तयार झाला तर खातेवहीला तात्पुरते दोन फाटे फुटतात. विखुरलेपणाची ही किंमत आहे, आणि ती सेकंदांत मोजता येते.

सन २०१८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाशी संबंधित गेन्सर, सिरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विलंबांचा आणि पत्त्यांचा एकत्र अभ्यास केला. त्यांना बिटकॉइनचे ५६ टक्के नोड भाड्याच्या संगणकगृहांत आढळले. एथेरियम या दुसऱ्या चलनाच्या बाबतीत हे प्रमाण २८ टक्के होते. म्हणजे घरोघरी दप्तर असल्याचे जे चित्र आम्ही वर रंगविले, त्यातील अर्ध्याहून अधिक दप्तरे तेव्हा भाड्याच्या वखारीत ठेवलेली होती.

येथे प्रश्नाचे स्वरूपच पालटते. नोड कोणत्या देशात आहे याहून तो कोणत्या कंपनीच्या छपराखाली आहे हे महत्त्वाचे ठरते. म्युनिकच्या संशोधकांनी २०१४ मध्येच सांगितले होते की, इंटरनेटची जी हजारो स्वायत्त उपजाळी आहेत, त्यांपैकी अवघ्या दहांमध्ये ३० टक्क्यांहून अधिक नोड सामावले आहेत. २०१७ मध्ये अपोस्तोलाकी, झोहर आणि व्हॅनबेव्हर यांनी त्याचा पुढचा धोका दाखविला. इंटरनेटचे मार्ग ठरविणारी व्यवस्था परस्परविश्वासावर चालते. तीत खोटी वाट जाहीर करून शंभरांहून कमी पत्तागट बळकावले, तर बिटकॉइनच्या खननशक्तीचा सुमारे निम्मा भाग उरलेल्या जाळ्यापासून तोडता येईल, असे त्यांनी सिद्ध केले. देशांचा नकाशा कितीही रंगीबेरंगी असो, त्याखालचे हमरस्ते थोडेच आहेत. या इशाऱ्याचा परिणाम झाला. २०२० मध्ये बिटकॉइनच्या मुख्य प्रणालीत, शेजारी निवडताना ते वेगवेगळ्या उपजाळ्यांतील असावेत अशी सोय प्रायोगिक रूपाने आली.

वर्षानुवर्षे या नकाशांत अमेरिकेच्या जोडीने जर्मनी अग्रभागी दिसत आला आहे. त्याचे श्रेय जर्मन नागरिकांच्या उत्साहाला जितके, तितकेच तेथील स्वस्त संगणकगृहांना द्यावे लागेल. ब्राझीलमधील मनुष्यही तेथे जागा भाड्याने घेऊ शकतो आणि नकाशावर जर्मन म्हणून उमटतो. धनी एकीकडे आणि घर दुसरीकडे, हा खानेसुमारीतला जुनाच पेच आहे. त्यातील धोका नोव्हेंबर २०२२ मध्ये सोलाना या अन्य चलनाच्या बाबतीत प्रत्यक्ष दिसला. हेट्झनर या जर्मन कंपनीने आपल्या नियमांत असा वापर बसत नाही म्हणून त्या जाळ्याचे नोड बंद केले, आणि एक हजाराच्या आसपास नोड एकाएकी अंधारात गेले. जाळे तगले, पण अनेक देशांत राहणाऱ्या अनेक मालकांची घरे एकाच जमीनदाराच्या जागेवर होती हे त्या दिवशी कळून चुकले.

५

नोडांच्या जोडीने खननाचाही भूगोल पाहिला पाहिजे. नोड हिशेब तपासतात. नवे ब्लॉक घडविणारे खनक वेगळे. त्यांच्यापाशी विशेष यंत्रे असतात आणि त्यांना वीज अमाप लागते. त्यांचे स्थान दाखविणारा नकाशा केंब्रिज विद्यापीठाच्या पर्यायी वित्त केंद्राने २०२० मध्ये सिद्ध केला. काही मोठ्या खनक-संघांनी आपल्याशी जोडलेल्या यंत्रांच्या पत्त्यांची गोळाबेरीज त्यांना दिली, आणि त्या नमुन्यावरून साऱ्या जगाचा अंदाज बांधण्यात आला. त्यानुसार सप्टेंबर २०१९ मध्ये ७५ टक्क्यांहून अधिक शक्ती एकट्या चीनमध्ये होती. चीनच्या आतही ती स्थिर नव्हती. पावसाळ्यात सिच्वान व युन्नान प्रांतांत जलविद्युत स्वस्त झाली की यंत्रे तिकडे जात, आणि कोरड्या दिवसांत शिनच्यांगच्या कोळशाच्या विजेकडे परतत. ऊसतोडणीच्या हंगामाबरोबर टोळ्या स्थलांतर करतात, त्याची आठवण व्हावी असे हे यंत्रांचे स्थलांतर होते.

एप्रिल २०२१ पर्यंत चीनचा वाटा ४६ टक्क्यांवर उतरला. मे महिन्यात तेथील शासनाने खननावर बडगा उगारला आणि जुलैच्या नकाशात चीनचा आकडा थेट शून्य झाला. यंत्रे उचलून लोक कझाकस्तानात आणि अमेरिकेत गेले. ऑगस्टमध्ये कझाकस्तानचा वाटा १८ टक्क्यांवर पोहोचला. पुढे जानेवारी २०२२ मध्ये तेथे दंगली उसळल्या, शासनाने इंटरनेट तोडले आणि त्याचा धक्का साऱ्या जगाच्या खननशक्तीला जाणवला. त्याच महिन्याच्या नकाशात अमेरिकेचा वाटा सुमारे ३८ टक्के होता. आणि चीन? सप्टेंबर २०२१ पासून तो पुन्हा २० टक्क्यांहून अधिक दिसू लागला होता, बंदी कायम असताना. म्हणजे मधल्या शून्याचा अर्थ सारे निघून गेले एवढाच नव्हता. काहींनी दिवे मालवून दार लावून घेतले होते, असे संशोधकांचे मत पडले. जर्मनी आणि आयर्लंड यांचे वाटे फुगलेले दिसतात, पण तेथे तसे मोठे खनन चालल्याचा पुरावा नाही, ते पत्ते मध्यस्थ मार्गांचे असावेत, हेही त्यांनी प्रांजळपणे नकाशासोबत नोंदविले. अशी प्रांजळ टीप नकाशाइतकीच मोलाची असते. दुर्दैवाने नकाशा वृत्तपत्रांत छापला जातो आणि टीप मागे राहते.

६

शेवटचा टप्पा लपण्याचा. टॉर ही व्यवस्था निरोपाला अनेक ठिकाणांहून फिरवून आणते, त्यामुळे तो मुळात कोठून निघाला हे कळत नाही. तिचे जुने पत्ते आखूड होते आणि बिटकॉइनच्या निरोपांत कसेबसे मावत. नवे सुरक्षित पत्ते ५६ अक्षरांचे झाले, तेव्हा नोडांनी एकमेकांना पत्ते सांगण्याची रीतच बदलावी लागली. जानेवारी २०२१ च्या आवृत्तीत हा बदल आला. त्याच आवृत्तीत आणखी एक तरतूद होती. पत्ते विचारणाऱ्याला नोड काही काळ तेच ते उत्तर देऊ लागला, जेणेकरून वारंवार विचारून कोण कोणाशी जोडलेला आहे हे काढून घेणे अवघड व्हावे. याच वर्षी पुढे आयटूपी या तशाच दुसऱ्या व्यवस्थेचीही सोय झाली. मोजणीला जाळे आता उघडपणे अडसर घालू लागले होते.

परिणाम लवकरच दिसला. बिटनोड्सच्या यादीत ज्यांचा देश सांगता येत नाही अशा नोडांचे प्रमाण निम्म्याच्या वर गेले. या नकाशातील सर्वांत मोठा देश आता 'अज्ञात' हा आहे. लपणारे सगळे भयग्रस्त वा गुन्हेगार आहेत असे मानणे चूक ठरेल. घरी ठेवण्याजोगे छोटे तयार नोड बाजारात आले आहेत. त्यांपैकी पुष्कळ मुळातच टॉरवरून बोलतात, कारण त्यामुळे आडोशामागे असूनही त्यांचे दार बाहेरच्याला सापडू शकते. म्हणजे जो घरगुती नोड पूर्वी मोजणीतच येत नव्हता, तो आता मोजला जातो. मात्र आपले गाव सांगत नाही. संख्या अधिक खरी झाली आणि भूगोल पुसट झाला. एकाच तंत्राने एका हाताने दिले आणि दुसऱ्याने नेले.

मग मूळ दाव्याचे काय? आम्हाला असे दिसते की तो दावा जितक्या ठामपणे केला जातो तितक्या ठामपणे सिद्ध झालेला नाही, आणि खोटाही ठरलेला नाही. जेव्हा नकाशा सर्वांत स्पष्ट होता, तेव्हा त्याने थोड्या कंपन्यांच्या छपराखालची दाटी दाखविली. त्या दाटीचा उपाय म्हणून जे विखुरले, ते बव्हंशी नकाशाबाहेर गेले. सारे नोड मोजता आले, प्रत्येकाचे घर दाखविता आले, तर तेच नकाशे हाती घेऊन त्यांना बंद पाडणेही सोपे होईल. पूर्णपणे मोजता येणे आणि कोणालाही बंद न पाडता येणे, या दोन गोष्टी एकत्र नांदणे कठीण आहे. ज्याला या जाळ्यावर विश्वास ठेवावयाचा आहे त्याने हा पेच समजून घेऊनच ठेवावा. कोणी रंगीत नकाशा समोर धरला, तर येथे पत्ते मोजले आहेत, ओ देणारे मोजले आहेत की यंत्रांची शक्ती मोजली आहे, हे आधी विचारावे. मग जागा कशावरून ठरविली हे विचारावे. आणि ज्यांच्या घराला कुलूप होते त्यांना कोठे टाकले, हेही विचारण्यास विसरू नये.

जानेवारी २००९ मध्ये या वस्तीत मोजकी माणसे होती आणि चावडीवर त्यांची नावे दिसत होती. आज वीस हजारांच्या आसपास दारे हाकेला ओ देतात आणि त्यांतील निम्म्याहून अधिक दारांवर गावाची पाटी नाही. अशा वेळी 'ठावठिकाणा अज्ञात' असा रकाना आखून तो प्रामाणिकपणे भरणारा प्रगणक आम्हाला विश्वासार्ह वाटतो. तो रकाना टाळून सोयीचा बिंदू देणाऱ्याने कॅन्ससच्या त्या अंगणात काय घडले ते एकदा आठवावे.